हिमालयाच्या वाटेवरची बरणी

जळगाव जामोद,
एप्रिल १९६१

प्रिय माणिक,

तू दिल्ली ओलांडून हरिद्वारच्या रस्त्याला लागला असशील, असं मी शाळेतल्या मुलींना नकाशावर काठी ठेवून सांगत होते. काल पुष्पाबाईंची लोणच्याची बरणी परत आली आणि कळलं, तू अजून बऱ्हाणपुरातच आहेस! धन्य आहे बाबा तुझी. संक्रांत होऊन निघालेला माणूस, सायकलवर जेमतेम दोन दिवसांच्या वाटेवर जाऊन बसलाय.

तू निघालास त्या सकाळीच मला धास्ती वाटली होती. हार घालायला आलेल्या प्रत्येकाच्या दुसऱ्या हातात काहीतरी होतंच. "तिकूनच जाऊन राह्यला तं एवढी बरणी दे बापा माह्या पोरीले," असं पुष्पाबाई म्हणाल्या आणि तू लगेच मान डोलावलीस. मग भाऊरावांच्या कुरडया आल्या, रुखमाबाईंचे खण आले, खंडव्याच्या कुणाच्या तरी बाळाची दुपटी आली. सायकलवाल्या बशीरनं हिमालयासाठी म्हणून मजबूत कॅरिअर बसवून दिलं होतं, त्याची तू गावची टपालगाडी करून टाकलीस. मी डोळे वटारून थकले. पण तुला मेल्या कुणाला नाही म्हणता येईल तर ना!

बरणी रिकामी कशी पाठवायची म्हणून पुष्पाबाईंच्या बऱ्हाणपूरच्या लेकीनं ती शेवेनं भरून दिली, सोबत तुझ्याबद्दल निरोपही. मामा मोठे गुणाचे, राहा म्हटलं तर राहिले, आता आमच्या दुकानावरही बसतात! पुष्पाबाई गल्लीभर शेव वाटत हेच सांगत फिरताहेत. लोक हसतात. मला हसू येत नाही, माणिक, संताप येतो.

लहानपणी टेकडीपलीकडे बर्फ दिसेल म्हणून आपण दोघं सातपुड्यात चढलो होतो, आठवतं? वर गेलो तर पुढे पुन्हा डोंगरच. घरी आल्यावर मार मात्र मला एकटीला बसला, कारण मी मुलगी. बर्फ बघायचं वेड आधी माझं होतं रे. तुला वाट मोकळी होती, म्हणून मी माझं वेड तुझ्या हवाली केलं. ते तू दुकानाच्या गल्ल्यावर बसवून ठेवलंस.

तुला परत बोलवायला हे लिहीत नाही. जायचं असेल तर पत्र वाचून होताच नीघ. नाहीतर सायकल इकडे येणाऱ्या मोटारीच्या टपावर टाकून दे. तू गेल्यापासून शाळा सुटली की मी कापसाच्या जिनिंगमागच्या मैदानात बशीरची भाड्याची सायकल शिकते आहे. गुडघे फुटले, दोन लुगडी फाटली, मुख्याध्यापिकाबाई अजून बोलत नाहीत. पण परवा बशीर म्हणाला, "बाई, आता मले मागून धरा लागत नाही." सुट्टी लागली की मी निघणार. पुष्पाबाईंनी बरणी धुऊन पुसून तयार ठेवली आहे. मी ती घेणार नाही, आणि बऱ्हाणपुरात थांबणारही नाही.

तुझीच, अजून रागातच असलेली,
मंजुळाताई