धुळीचं कडं

३ जून
पोचले एकदाची वारंबीनला! होबार्टहून दोन विमानं, मग चार तास लाल मातीतून गाडी. दातांखाली अजून कचकच लागतेय, पण मजेत आहे. अकरा दुर्बिणी आहेत. त्यांचे मालक सिडनी-मेलबर्नला घरी बसून इंटरनेटवरून आकाशाचे फोटो काढतात, आणि इथे दुर्बिणींची निगा मी राखायची. साहेबाचं नाव डेस. म्हणाला, "तारे इथे फुकट आहेत, ब्रायोनी. पगार मिळतो तो धुळीचा." संध्याकाळी मर्लबाईंच्या बेकरीत भोपळ्याचं सूप प्यायले. बाई प्रेमळ आहेत.

५ जून
कामाची रीत बसली. दुपारी दुर्बिणीच्या तोंडावर उजेडाची पांढरी पाटी लावायची आणि कोरा फोटो काढायचा. आत कुठे धुळीचा कण असला तर त्याची सावली पडते. गोल कडं, मधे भोक. कडं लहान असेल तर कण कॅमेऱ्याजवळ, मोठं असेल तर लांब. व्यास मोजला की अंतर कळतं, या दुर्बिणींत व्यासाच्या सातपट.
दहा दुर्बिणी लख्ख. चार नंबरमध्ये एकच कडं, दोन मिलिमीटरचं. म्हणजे कण चौदा मिलिमीटरवर, कॅमेऱ्याच्या काचेवरच. फुंकणी मारली, पुसून काढला.

७ जून
गेला नाही. उलट कडं आज पाच मिलिमीटरचं आहे. म्हणजे कण पस्तीसवर, फिल्टरपाशी. फिल्टर काढून भिंगाखाली धरले. एकदम स्वच्छ.
डेस म्हणाला, फोटोत रंग फिरवून बुजवून टाक, तुझ्या आधीचा ग्रॅहम तेच करायचा. मी म्हटलं, "मला पुसायला ठेवलंय, बुजवायला नाही."
"फार हट्टी आहेस गं."
"अजून कुठे पाहिलायस माझा हट्ट!"

१२ जून
वीस मिलिमीटर. म्हणजे कण एकशेचाळीसवर. तिथे काच नाही, आरसा नाही. नुसती हवा आहे. हवेत कण एका जागी थांबत नाही. वीस फोटो काढले. थांबला होता.

१४ जून
कडं फोटोच्या चौकटीत मावेनासं झालं आणि दिसेनासं झालं. फोटो निर्मळ. डेसने खुशीत बिअर पाजली. मला घोटभरही गोड लागली नाही. मी काही पुसलेलं नाही. ते आपल्या पायांनी पुढे गेलंय, नळीतून बाहेर.

१६ जून
दुपारी ऑफिसच्या पांढऱ्या भिंतीवर फिकट कडं दिसलं, चाकाएवढं. मान वळवली, तेही वळलं. डावा डोळा झाकला की जातं.
डॉक्टरांना फोन केला. वयोमानाने होतं म्हणाले. मी एकतीस वर्षांची आहे.

१८ जून
आज ते बशीएवढं आहे. लहान होतंय. म्हणजे जवळ येतंय.
मर्लबाईंना सांगितलं तर त्यांच्या हातातला ट्रे खाली पडला. ग्रॅहम त्यांचा नवरा. दोन वर्षं मागच्या खोलीत डोळे घट्ट मिटून बसलाय. उघडत नाही, उघडू देत नाही. म्हणाल्या, "आजच्या आज आईकडे निघून जा, पोरी." मी म्हटलं, डोळा काय इथे ठेवून जाऊ? आणि माझ्या डोळ्यात बिऱ्हाड थाटायची परवानगी त्याला दिली कुणी?

२० जून
बांगडीएवढं. सकाळी.
आता अंगठीएवढं. डोळे मिटले तरी दिसतं, पापणीच्या आतून. ग्रॅहमने मिटले आणि या कड्याला घर मिळालं. मी मिटणार नाही.

२१ जून, सूर्य नुकताच बुडाला
चार नंबरचा कॅमेरा काढला. त्याच्या जागी माझा डोळा. वही मांडीवर, न बघता लिहितेय. ज्या वाटेने आलं त्याच वाटेने परत पाठवणार.
मसुराएवढं.
बघ माझ्याकडे. मीही बघतेय.
डोळ्याला धार लागलीय— लागू दे— पापणी लववणार नाही—
हललं.
वाढतंय! बांगडी— बशी— हो बाहेर, हो—
गेलं. आकाश कोरं. पूर्ण कोरं! जिंक—

दार वाजलं. मर्लबाई. मला शोधत आल्यात. ओरडले, वर बघू नका, माघारी जा—
बघितलं त्यांनी. विचारतायत, "अगं, हे गोल गोल काय गं?"—

नाही. त्यांना नाही. त्यांचं एक माणूस गिळलंस तेवढं पुरे. ए, इकडे. दोन्ही डोळे उघडे आहेत माझे, बघ, इकडे ये, मी अजून—