नाव न घेणारी बाई

आई, कालपासून घरात नुसत्या येरझाऱ्या घालतेय, एका जागी बसवत नाही. नातीला कॉलेजात तीच अमेरिकन कादंबरी लागली आहे, जी मी तुला स्वयंपाकघरात बसून सांगितली होती. तिनं विचारलं, "आजी, ती बाई त्या माणसाचं नाव का नाही सांगत गं?" मी काहीतरी शहाण्यासारखं बोलले, आणि तेव्हापासून तुझ्याशी मनातल्या मनात वाद घालतेय.

तो हरताळाचा दिवस होता. गिरगावात दुकानं बंद, कॉलेज बंद, रस्त्यावर संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणा. अण्णा बाहेरच्या खोलीत एकच वर्तमानपत्र पुन्हा पुन्हा वाचत होते. "चौपाटीवर तुझ्याबरोबर होता तो मुलगा कोण?" असं त्यांनी मला आदल्या दिवशी दारातच विचारलं होतं आणि मी तोंड उघडलं नव्हतं. घरात कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं. तू मोड आलेले वाल पुढ्यात घेतलेस, मला समोर बसवलंस आणि सालं काढता काढता म्हणालीस, "हं, कुठवर आली तुझी ती बाई?"

मी सांगतेय. जुनं, कर्मठ गाव. बाईचा नवरा दूरदेशी आणि हिच्या कडेवर तान्हं मूल. सगळ्या गावासमोर तिला चौथऱ्यावर उभी करतात, मुलाचा बाप कोण म्हणून विचारतात. ती सांगत नाही. मला वाटलं, आता तू कानांवर हात ठेवशील. तू शांतपणे म्हणालीस, "कशी सांगेल? आपल्या माणसाचं नाव घेतं का कुणी?"

मला हसूच आलं. "अगं, तो नवरा नाही तिचा."

"तिनं मानलाय ना. नाहीतर एवढं सोसलं असतं कशाला?"

उखाण्याखेरीज अण्णांचं नाव कधी न घेतलेली तू. त्या परक्या बाईला तू सरळ आपल्या वाडीत आणून बसवलीस. मग विचारलंस, "आणि हा कुठे होता तेव्हा?"

"तिथंच. गावचा धर्मगुरू तो. चारचौघांत तोच तिला म्हणत होता, नाव सांग."

"मेल्याला लाज नाही." तुझे हात चालूच होते. आवाज मात्र खाली आला. "तुझा कुठे आहे?"

माझ्या हातातला वाल निसटला. "तुरुंगात. सभेत काळं निशाण दाखवलं म्हणून."

"म्हणजे गप्प नाही बसला." तुझ्या स्वरात चक्क पसंती होती. मला रडू येईल असं वाटलं. "नाव काय त्याचं?"

मी मान खाली घातली आणि तू हसलीस. "लाजतेस होय. राहू दे. मी बोलेन ह्यांच्याशी."

आणि बोललीस. मुलगा चांगला आहे, पोरीच्या मनात आहे, एवढंच. अण्णांसमोर चढलेला तुझा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. तो सुटून यायच्या आत तू तापाने गेलीस. आम्ही लग्न केलं. तो परळच्या चाळीतला आहे, त्याच्या घरच्यांनी नुकतीच बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आहे, हे कळल्यावर अण्णांनी दार लावून घेतलं ते लावूनच घेतलं.

मी लाजत नव्हते, आई. नावामागून आडनाव आलं असतं, आडनावामागून जात, आणि मग तू काय केलं असतंस ते मला ठाऊक नव्हतं. माझ्यासाठी तू भांडलीस, पण कुणासाठी ते तुला माहीतच नव्हतं. माहीत असतं तर भांडली असतीस का? हा प्रश्न मला स्वस्थ बसू देत नाही, आणि त्याचं उत्तर देणारं कुणी उरलेलं नाही.

तो आत झोपलाय. एरवी दिवसभर मी त्याला नावानंच हाका मारते. आज हे कागद घेतले ते तुला त्याचं नाव लिहून कळवायला. शेवटच्या पानाच्या तळाशी आले, ते अजून लिहिलेलं नाही. मला अजूनही तुझी भीती वाटते.