एका ट्रेलरला तीन ड्रायव्हर

मी, एलेआसार कान्तू विय्यारेआल, वय सहासष्ट, धंदा ट्रक चालवणे, राहणार नुएव्हो लारेदो, मेक्सिको, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. डॉक्टरांच्या मते यकृत संपले आहे; डोके शाबूत आहे. कोणी दबाव टाकलेला नाही. दबाव टाकायला घरात आहे कोण? एक मुलगी नेरेइदा, ती स्वतःच नवऱ्याच्या दबावाखाली.

१. राहते घर नेरेइदाला. छप्पर कुठे गळते ते तिला ठाऊक आहे. माझा मुलगा आल्दो वाटा मागणार नाही. तो सीमेपलीकडे अमेरिकेत, सान अंतोनियोला, कागदपत्रांशिवाय, लोकांची छपरे घालतो. त्याच्या दोन्ही मुली तिकडेच जन्मलेल्या, तिकडच्याच.

२. माझा ट्रक, म्हणजे फक्त पुढचे डोके, भंगारात विकावा. जावयाला चालवायला देऊ नये. त्याला हा धंदा सोपा वाटतो, म्हणून धंदा काय आहे ते इथेच लिहितो. मोंतेर्रेच्या कारखान्यातून फ्रीज भरलेला ट्रेलर एक जण आणून आमच्या यार्डात सोडतो. तो मी जोडतो, सीमेवरचा पूल ओलांडतो, पलीकडच्या यार्डात सोडतो आणि परत येतो. तिथून तिसरा ड्रायव्हर उत्तरेला नेतो. पहिल्याला निदान कारखाना दिसतो, तिसऱ्याला दुकान दिसते. मला दोन्ही टोके दिसत नाहीत. माझा परवाना त्या यार्डापुरता. यार्डाच्या पुढे हमरस्त्यावर कागदपत्रे बघणारा तपासणी नाका आहे, तो मी जन्मात ओलांडला नाही. आल्दो नाक्याच्या त्या बाजूला राहतो. या बाजूला आला तर त्याला परत जाता येणार नाही. फ्रीजकडे कागद असतात, तो जातो.

३. कातडी बूट डेल्बर्टला. हा तो तिसरा ड्रायव्हर. माझी बायको हॉर्तेन्सिया नाताळात मक्याच्या पिठाचे तमालेस करायची, ते तो आल्दोच्या दारापर्यंत पोचवायचा. मग कंपनीने ट्रकमध्ये कॅमेरा बसवला, वाटेत थांबणे बंद झाले आणि तमालेसही बंद झाले. बूट त्याच्या पायात जाणार नाहीत. तरी त्याने ठेवावेत.

४. डोमिनोचा संच माझा दोस्त फेर्मिन याला. त्याने एकदा भर गुत्त्यात विचारले होते, "आयुष्यभर शिकागोला फ्रीज धाडलेस, शिकागो कुठल्या बाजूला आहे ते तरी माहितेय का रे?" सगळे हसले. मीही हसलो. संचातली दुहेरी सहाची सोंगटी, जिच्याशिवाय आमचा डाव सुरू होत नाही, ती मी काढून घेतली आहे. ती माझ्यासोबत पुरावी. बसा आता खेळत.

५. माझ्या मृत्यूची बातमी नऊ दिवसांची प्रार्थना संपेपर्यंत आल्दोला कोणीही कळवू नये. हॉर्तेन्सिया गेली तेव्हा कळवले होते. तो गाडी घेऊन निघाला आणि नाका यायच्या आधीच्या पेट्रोल पंपावरून त्याने फोन केला. मी म्हणालो, "माघारी जा. इकडे आलास तर पोरींना बाप उरणार नाही."

तो म्हणाला, "आईच्या वेळी माघारी फिरतोय, पप्पा. तुमच्या वेळी नाही फिरणार."

पोरगा शब्दाचा पक्का आहे आणि मला त्याचीच भीती वाटते. म्हणून आजाराचेही त्याला सांगितलेले नाही. तो दर रविवारी फोन करतो, आणि नऊ दिवसांत एक रविवार येणारच. नेरेइदाने सांगावे की पप्पा पुलावर रांगेत आहेत, तिथे फोन घेऊ देत नाहीत. लहानपणापासून तो हेच ऐकत आला आहे. वाढदिवसांना, शाळेच्या कार्यक्रमांना, हेच ऐकले. विश्वास ठेवील.

दहाव्या दिवशी खरे सांगावे. तो शिव्या देईल. त्या माझ्या वाट्याच्या आहेत. नेरेइदाने माझ्या वतीने निमूट ऐकून घ्याव्यात, फोन ठेवू नये. मुलगा तिकडेच राहावा यापलीकडे मला काही नको, आणि याहून त्याला देण्यासारखे माझ्याकडे काही नाही.

स्थळ: नुएव्हो लारेदो
दिनांक: १४ नोव्हेंबर २०१९
सही: एलेआसार कान्तू विय्यारेआल

साक्षीदार: ओफेलिया गार्सा, शेजारीण
साक्षीदार: फेर्मिन एलिसोंदो. पाचवे कलम मला पटलेले नाही. तरी सही करतो, आणि तोंडही बंद ठेवीन.