आधी मालकिणीने बसायचं

रविवार, २३ मार्च
दुपार

प्रिय ताई,

तुला आणि भावोजींना नमस्कार. तुझं पत्र मंगळवारीच मिळालं. उत्तराला उशीर झाला म्हणून चिडली असशील. चिडली असलीस तर तुझा गुडघा बरा आहे असं मी समजेन, कारण गुडघा दुखायला लागला की तू कुणावरच चिडत नाहीस, नुसती गप्प बसतेस आणि मग भावोजी घाबरतात. डॉक्टरांनी दिलेले व्यायाम करतेस ना? "करते" असं तू लिहू नकोस, भावोजींना लिहायला सांग.

फोनही करता आला असता. पण फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि आज मला बरीच वाक्यं पुरी करायची आहेत.

आमच्याकडे सगळं ठीक. चष्म्याच्या दुकानात मालकांनी काचा घासायचं नवीन यंत्र आणलंय. ते माझ्याशिवाय कुणाचंच ऐकत नाही, त्यामुळे सध्या माझा भाव वधारलाय. परवा एक आजोबा नवा चष्मा न्यायला आले. तो लावून त्यांनी शेजारी उभ्या बायकोकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "जुनाच बरा होता." आजीबाईंनी त्यांना दंडाला धरून दुकानाबाहेर काढलं, आम्ही सगळे काउंटरखाली वाकून हसलो. तुझे मेहुणे मजेत आहेत. त्यांनी स्वयंपाकघराला रंग द्यायला घेतलाय. अर्धी भिंत झालीय. उरलेली अर्धी कधी होणार, हे विचारायची माझी छाती नाही.

मनगटाचं विचारलंयस. मनगट बरं आहे, पूर्ण वळतं. तू पाठवलेल्या दोन रबरी चटयांपैकी एक न्हाणीघरात घातलीय, दुसरी स्वयंपाकघरात. आता आमच्या घरात कुणी ठरवून घसरायचं म्हटलं तरी जमणार नाही.

आणि शेवटी नेहमीचा प्रश्न: "त्या घोड्याचं काय करणार आहेस? वय काय तुझं?"

इथवर लिहून मी उठले आणि घरातल्या सगळ्या खिडक्या पुसून आले. त्या स्वच्छच होत्या. आता लिहितेच.

ताई, मी न्हाणीघरात घसरले नव्हते. साहेबांवरून पडले.

थांब, पत्र खाली ठेवू नकोस. आधी पाणी पी.

साहेब म्हणजे माझा घोडा. तू त्याला एकदाच पाहिलंयस, तेही फाटकाबाहेरून. तबेल्यात सगळे त्याला साहेबच म्हणतात, कारण खाणं वेळेवर आलं नाही की तो दाराला लाथ घालतो आणि चिखलात पाय टाकायची वेळ आली की आमच्याकडे असं बघतो, जणू गालिचा अंथरायचं आम्ही विसरलो. मी तुला दहादा समजावलंय की ड्रेसाज म्हणजे शर्यत नव्हे आणि उड्याही नव्हेत. आखलेल्या रिंगणात ठरलेल्या पाट्यांपाशी ठरलेली चाल दाखवायची. कुठे चालायचं, कुठे दुडक्या चालीने जायचं, कुठे गोल घ्यायचा, कुठे थांबायचं. घोड्याने आणि आपण एकमेकांचं न बोलता ऐकायचं, आणि परीक्षकांनी गुण द्यायचे. तू दहादा म्हणालीस, "म्हणजे कवायत." असू दे. कवायत.

त्या कवायतीत पडले असते तर सांगायला तरी बरं वाटलं असतं. मी उभ्या घोड्यावरून पडले. खोगिराचा पट्टा पोटाखालून आवळायचा असतो. हे घोडे इतके डांबिस की आवळताना पोट फुगवून धरतात आणि मग सोडून देतात. म्हणून चढायच्या आधी पट्टा परत एकदा आवळायचा, हे पहिल्या दिवशी शिकवतात. लहान मुलंसुद्धा विसरत नाहीत. मी नोव्हेंबरातल्या एका सकाळी शेजारच्या घोड्यावरच्या बाईशी नव्या बुटांबद्दल गप्पा मारत होते. रिकिबीत पाय ठेवला, अंग टाकलं, आणि खोगीर माझ्यासकट फिरून त्याच्या पोटाखाली गेलं. मी खाली, माझ्यावर खोगीर लोंबतंय, त्याच्यावर घोडा.

पोटाखाली खोगीर लोंबायला लागलं की भलेभले घोडे वेडेपिसे होतात. लाथा झाडतात, उधळतात, खाली कोण आहे ते बघत नाहीत. साहेब थरथरत उभे राहिले. बाईंनी धावत येऊन मला ओढून काढेपर्यंत एक खूर हलवला नाही. (बाई म्हणजे आम्हाला शिकवतात त्या.) मनगट मोडलं ते माझ्याच अंगाखाली सापडून. त्याचा काडीचा दोष नव्हता.

तुला का नाही सांगितलं? तू "मी म्हटलं नव्हतं?" म्हणशील म्हणून. मी घोड्यावर बसायला लागल्यापासून तेवीस वर्षं तू ते वाक्य जपून ठेवलंयस आणि मला ते तुला फुकट द्यायचं नव्हतं. हे कारण मी स्वतःला सांगत होते, आणि मला ते पुरतही होतं.

प्लास्टर निघालं. डॉक्टर म्हणाले, बसा घोड्यावर. मी तबेल्यात गेले, पट्टा दोनदा आवळला, चढायच्या ठोकळ्यावर उभी राहिले, डावा पाय रिकिबीत घातला. उजवा उचलेना. नुसता ठोकळ्याला चिकटून बसला. तोंड कोरडं पडलं, कानात काहीतरी वाजायला लागलं. साहेबांनी मान वळवून पाहिलं. मी म्हटलं, उद्या बघू.

दुसऱ्या दिवशी तेच. आठवडाभर तेच. मग मी ठोकळ्याकडे जायचंच सोडलं.

आता हसू नकोस. रोज सकाळी मी घोडेस्वारीची विजार, बूट, हेल्मेट, सगळा सरंजाम चढवून घरातून निघत होते. तबेल्यात जाऊन त्याला खरारा करत होते, लगाम धरून रिंगणात नेत होते, आणि पायीच त्याच्याशेजारी चालून अख्खी कवायत करत होते. त्याने दुडकं चालायचं तिथे मी पळायची. त्याने गोल घ्यायचा तिथे मी आतून गोल घ्यायची, धापा टाकत. घोड्याला घाम नाही, मालकीण भिजलेली. मग तिथून दुकान. माझं वजन उतरायला लागलं, तर आमचे हे म्हणाले, "घोडेस्वारी मानवली तुला." मी म्हटलं, "हो ना."

बाईंनी बरेच दिवस काही म्हटलं नाही. आठवड्यातून दोनदा त्या स्वतःच साहेबांवर बसत होत्या. मग फेब्रुवारीत एक दिवस मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "हे बघा, मी तुम्हाला घाई करणार नाही. पण हा काम करणारा घोडा आहे. तुम्ही बसणार नसाल तर बसणारं माणूस द्या त्याला." बोलल्या त्यात काय चूक होतं? त्याच दिवशी मी त्यांना सांगितलं, बघा कुणी घेणारं. घरी बोलले नाही. दुकानात त्या दिवशी एका मुलीच्या चष्म्यात तिच्या आईच्या काचा बसवल्या.

घेणारी आली गेल्या रविवारी. दातांची डॉक्टर, पस्तिशीची, बोलायला रोखठोक. लांबून गाडी चालवत आली होती. आल्या आल्या तिने साहेबांचे ओठ वर करून दात पाहिले. खरीददार बघतातच, पण हिने इतका वेळ पाहिले की मला वाटलं आता चूळ भरायला सांगते. मग चारही पाय चाचपले, चालवून पाहिला, पळवून पाहिला. साहेब तिच्या बाहीचा वास घेत होते.

मग ती म्हणाली, "आता बसून दाखवा."

घोड्यांच्या व्यवहारात ही रीतच आहे, ताई. विकणाऱ्याने आधी बसायचं, मग घेणाऱ्याने. अनोळखी घोड्यावर कुणी शहाणा माणूस एकदम बसत नाही. आम्ही ते गृहीत धरलं होतं, बाई बसणार होत्या. त्या पुढे झाल्याही.

"तुम्ही नको," डॉक्टर म्हणाली. "तुमचा जन्म घोड्यावर गेलाय, तुमच्याखाली बाकडंसुद्धा नीट चालेल. मला ह्यांना बघायचंय. ह्या माझ्यासारख्याच हौशी ना?"

मी म्हटलं, "माझं मनगट..."

"कधी मोडलं होतं?"

"नोव्हेंबरात."

"मग बरं झालंय की." तिने माझ्याकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं, आणि सरळ विचारलं, "मालकीण बसत नाही म्हणजे घोड्यात काही आहे का? पाडलं का ह्याने तुम्हाला?"

ताई, मला जो राग आला! तिचा नव्हे. तिच्या जागी मीही तेच विचारलं असतं. पण मी "हो" म्हटलं असतं तर खोटं, "नाही" म्हटलं असतं तर तिने विश्वास ठेवला नसता, आणि त्या दिवसापासून तो "मालकिणीला पाडणारा घोडा" झाला असता. ही गोष्ट एका तबेल्यातून दुसऱ्या तबेल्यात फार लवकर पोचते. आणि ज्याने पोटाखाली खोगीर लोंबत असताना खूर हलवला नाही, त्याच्या नावाला माझ्या भित्रेपणामुळे बट्टा लागायचा?

मी हेल्मेट घातलं. पट्टा आवळला. परत आवळला. साहेबांनी कंटाळून उसासा टाकला तेव्हा तिसऱ्यांदा आवळला. ठोकळ्यावर चढले. तोंड तसंच कोरडं, कानात तेच वाजणं, काहीही कमी झालं नव्हतं. बाई दुसरीकडे बघत होत्या, मुद्दाम. उजवा पाय म्हणाला नाही, मी म्हटलं तुला विचारतंय कोण. आणि पाय गेला पलीकडे.

बसले. तो तसाच उभा राहिला, मी सांगेपर्यंत.

पहिला फेरा मी काय केलं ते आठवत नाही. दुसऱ्या फेऱ्याला माझे खांदे खाली आले तसं त्याने लगेच नाक फुरफुरवलं आणि पाठ सैल सोडली. तोसुद्धा इतका वेळ श्वास धरून होता. मग आम्ही दुडक्या चालीवर गेलो आणि मला कळलं की मला पुढचं सगळं येतंय. इतके महिने पायी चालून रिंगणातली पाटीन् पाटी अंगात बसली होती. पहिला गोल, कर्ण, दुसरा गोल. एका कोपऱ्यात मी घसरगुंडीवर बसल्यासारखी डावीकडे गेले, त्याने सरकून मला परत मधोमध घेतलं. मी अख्खी कवायत केली, मधल्या रेषेवर येऊन थांबले, आणि सवयीने हात खाली सोडून परीक्षकांना करतात तसा त्या डॉक्टरला नमस्कार केला. मी रडत होते. साहेब कान टवकारून उभे होते, आता साखर मिळणार म्हणून.

"छान आहे," डॉक्टर म्हणाली. "उतरा, मी बसते."

मी म्हटलं, "नाही."

"नाही म्हणजे?"

"उतरत नाही."

ती चिडली, आणि तिचं चिडणं रास्त होतं. एवढ्या लांब आली, सुट्टीचा दिवस गेला. "विकायचा नव्हता तर लोकांना बोलवायचं कशाला?" म्हणाली. मी घोड्यावर बसूनच तिची माफी मागितली, ते दिसायलाही बरं दिसलं नसेल. बाईंनी तिला दुसरी एक घोडी दाखवली; ती तिला पसंत पडली की नाही, मला माहीत नाही. मग बाई माझ्याकडे येऊन म्हणाल्या, "हे तीन महिन्यांपूर्वी करायला काय झालं होतं?" आणि माझ्या गुडघ्यावर एक चापट मारून निघून गेल्या.

त्यानंतर रोज बसतेय. सोमवारी बसले, मंगळवारी बसले, आज सकाळीही बसून आले. चढताना तोंड अजून कोरडं पडतं. पडू दे. पण मला किती सुटल्यासारखं वाटतंय म्हणून सांगू! दुकानात गुणगुणते, मालक विचारतात पगार वाढला का.

घरी त्याच दिवशी सगळं सांगितलं. आमचे हे भिंत रंगवत होते, ब्रश न थांबवता म्हणाले, "मला माहीत होतं." मी विचारलं कसं. "कपडे मी धुतो. तुझ्या विजारीला गुडघ्यापाशी आतल्या बाजूला घोड्याचे केस चिकटलेले असायचे. प्लास्टर निघाल्यापासून एक केस नाही." मी म्हटलं, मग बोलला का नाहीत? तर म्हणे, "तू एवढी पळत होतीस, म्हटलं दमशील तेव्हा सांगशील." मग थोड्या वेळाने, "ताईंना कळवलंस?"

म्हणून हे पत्र.

आणखी एक आहे, तेही लिहून टाकते. वरचं कारण पुरतं खरं नव्हतं. तुझ्या बोलण्याला मी घाबरत असते तर गेली तेवीस वर्षं घोड्यावर बसलेच नसते.

त्या दिवशी खाली पडले तेव्हा मी ओरडले. माणूस पडलं की "आई गं" म्हणतं. आई गेली तेव्हा मी जेमतेम बोलायला लागले होते, तुला माझी वेणी घालता यायची नाही तरी तू घालायचीस. माझ्या तोंडून निघालं "ताई गं!" सगळ्या तबेल्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. गाडीतून दवाखान्यात जाताना बाईंनी विचारलं, "ताई कोण? त्यांना कळवू का?" मी म्हटलं, नको. तुला कळवलं असतं तर तू दुखऱ्या गुडघ्याने गाडीत बसून आली असतीस, आणि मी तुला बघून लहान पोरीसारखी रडले असते, आणि मग परत कधी घोड्यावर बसलेच नसते. हे मला तिथे पडल्या पडल्याच कळलं होतं.

पण तू हवी होतीस, ताई. ओरडली असतीस तरी हवी होतीस.

तुझी,
धाकटी