गवताच्या मशीनच्या दोन खिट्या

१ सप्टेंबर, रविवार

हलत नाही! चाक नाही, पातं नाही, काही नाही.

शेवटी आज मशीन गॅरेजमधून व्हरांड्यात आणलं. आणलं म्हणजे ओढलं – डावं चाक फिरतं, उजवं नुसतं घासत येतं. फरशीवर गंजाची लांब रेघ. आबासाहेब आतून, पलंगावरून, खिडकीतून बघत होते. माझ्या सासऱ्यांचं हे मशीन. आजवर दुसऱ्या कुणी हात लावलेला नाही. पेट्रोल नाही, वीज नाही. हाताने ढकलायचं, चाकं फिरली की मधला पात्यांचा रूळ फिरतो आणि हरळी कापत जातो. एवढंच! मग होत का नाही?

"सूनबाई, ते कशाला काढलंत?"

"गवत गुडघ्याला लागलंय, आबासाहेब."

"लागू दे."

आणि भिंतीकडे तोंड.

जुलैत हेच मशीन ढकलता ढकलता ते पडले. खुब्याचं हाड. इंदूरला ऑपरेशन झालं, हाड जुळलं. पण पाऊल टाकत नाहीत. "उजवा पायच गेला एकदम. दगा दिला त्यानं. आता त्याच्यावर उभं राहायचं नाही." विचारायला येणाऱ्या प्रत्येकाला हेच सांगतात. दगा देणारा पाय! जणू जुना कारभारीच फितूर झाला.

२ सप्टेंबर

गुंजन येऊन गेली. व्यायाम करवून घेते ती मुलगी, रोज सकाळी. आज तिनंही हात टेकले. "दादाजी, काकीजी मशीन ले के बैठ गई, और आप पाँव नी हिला रे!" आबासाहेब छताकडे बघत राहिले. वॉकर कोपऱ्यात आहे तसाच. त्यावर त्यांनी पंचा वाळत घालायला लावलाय.

जाताना फाटकाशी मला हळूच म्हणाली, "दशहरे तक नी उठे तो फिर पलंग ही समझो, काकीजी. हड्डी का अब कोई बहाना नहीं है."

मी आत आले आणि मशीनपुढे बसून राहिले. त्यांचा पाय माझ्या हातात नाही. हे चाक तरी आहे.

४ सप्टेंबर

उमाशंकर सायकल-पंप-मिक्सर सगळं दुरुस्त करतो. मशीनभोवती एक फेरी मारली, पात्यावर टिचकी मारली. "भाभीजी, इसको अजायबघर में दे दो. राजा-महाराजा के टाइम का माल है."

"राजे-महाराजे स्वतः गवत कापायचे का रे?"

"नी कापते होंगे, तभी तो ऐसा पड़ा है!"

हसला आणि गेला. मी त्याच्याच दुकानातून पाने विकत आणले. आणि घासलेट.

७ सप्टेंबर, गणेशचतुर्थी

शेजारपाजारच्या बायका दूर्वांना आल्या, दरवर्षीसारख्या. आमची हरळी म्हणजे गल्लीचा दूर्वांचा ठेवा. पण मशीन चाललं की कोवळी तीन पानं फुटतात, तशी यंदा नाहीत. सगळं जून, वाढलेलं, दांडे झालेलं. वाकून वाकून शोधत होत्या. आबासाहेबांनी खिडकी लावून घ्यायला सांगितली.

राजवर्धन धारहून आला आहे – नवरोबांना बँकेतून कशीबशी सुटी मिळाली. म्हणतो, पेट्रोलच्या मशीनवाल्याला बोलाव, अर्ध्या तासाचं काम. आतून आवाज आला, "तो कापत नाही. हजामत करतो!"

ऐकू सगळं येतं त्यांना.

९ सप्टेंबर

एक नट निघाला. एक! बोटाची साल गेली. नखातलं काळं निघत नाही. आज वर्गात फळ्यावर लिहिताना मुली माझ्या हाताकडे बघत होत्या.

मजा वाटते मात्र. आत काय असेल, हे कळेपर्यंत चैन नाही. लहानपणी घड्याळ उघडायची परवानगी नव्हती मला. भावाला होती.

११ सप्टेंबर

आज चाक निघालं!

उजवं चाक. आतल्या कडेला दाते आहेत, त्यात एक छोटं दातेरी चाक फिरतं. त्या दोघांच्या मध्ये काहीतरी रुतलेलं. आधी वाटलं, खडा. पेचकसनं उचकटलं, निघेना. घासलेट सोडलं, बाळंतिणीजवळ बसावं तशी बसले. संध्याकाळी टुपकन बाहेर आलं.

सुपारी.

अख्खी सुपारी! फुगलेली, एका बाजूला अजून कुंकवाचा गुलाबी रंग, दुसऱ्या बाजूला दात्यांचे ठसे, लहान मुलानं चावल्यासारखे.

मग लक्षात आलं. खांडेनवमीला आमच्याकडे घरातल्या प्रत्येक लोखंडाची पूजा असते. पणजोबांची तलवार, विळी, माझी कात्री – आणि हे मशीन. आबासाहेब स्वतः करतात. तलवारीला गंध, मशीनला गंध. तलवारीपुढे विडा, मशीनच्या चाकावर विडा. चाकाच्या झाकणाचा कोपरा तुटलेला आहे. तिथून गेली आत. वर्षभर कडेला पडून राहिली असेल, आणि जुलैच्या ओलीत फुगून नेमकी दात्यांत आली.

म्हणजे चाक एकदम अडलं. भरात ढकलत असताना. उजवं चाक.

सुपारी धुतली नाही. तशीच नेऊन त्यांच्या तळहातावर ठेवली.

"हे काय?"

"उजव्या चाकात होती. दसऱ्याची."

त्यांनी उलटीपालटी केली. दात्यांचे ठसे अंगठ्यानं चाचपले. बराच वेळ.

"म्हणजे चाक…"

"हो. पाय नव्हता गेला, आबासाहेब. चाक अडलं."

जेवण अर्धं ठेवलं. सुपारी परत दिली नाही.

१२ सप्टेंबर

मला वाटलं होतं, आज उठतील. किती भाबडी मी!

गुंजनला म्हणाले, "आज नको." तिच्या हातात वॉकर बघितला आणि म्हणाले, "हे धरून चालू? गल्लीनं बघावं, म्हातारा दुधाच्या गाडीसारखा चाललाय म्हणून?"

काल आनंद झाला होता मला, सुपारी सापडली म्हणून. पण माझ्या आनंदानं त्यांचा पाय कसा उचलला जाईल? मीच जरा घाई केली.

१५ सप्टेंबर

दोन्ही चाकं उघडून, घासून, ग्रीस भरून, परत बसवली. पुढे ढकललं – रूळ गप्प. मागे ओढलं – गरगर! मागे जाताना कापतंय! पुढे नाही!

पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. तेच. मी व्हरांड्यात उलटी उलटी चालत मशीन ओढत होते, तेवढ्यात आतून एक चमत्कारिक आवाज आला. ठसका लागला वाटून धावले.

हसत होते! डोळ्यांत पाणी. "बकुळाबाई, तुम्ही डाव्याचं उजवीकडे घातलंत. मीसुद्धा घातलं होतं, पहिल्यांदा. तुमच्या सासूबाई म्हणाल्या होत्या, आता तुम्ही उलटेच चाला आयुष्यभर."

जुलैनंतर पहिल्यांदा हसले. सासूबाईंचं नावही त्यांच्या तोंडून किती दिवसांनी!

१६ सप्टेंबर

त्यांनी पलंगावरून शिकवलं. छोट्या दातेरी चाकाच्या आत, दांड्याच्या खाचेत, बोटाच्या पेराएवढी लोखंडी खिटी असते. ती सरकते, पुढे जाताना अडते, मागे येताना टक-टक वाजत सुटते. दोन्ही बाजूंना एकेक. सगळी कामगिरी त्या खिट्यांची. त्या नसल्या तर मशीन म्हणजे नुसता गाडा.

दोन्ही खिट्या बशीत काढून त्यांना दाखवल्या. हातात घेऊन खाचेची बाजू समजावली. मग बशी खिडकीच्या बाहेरच्या कट्ट्यावर ठेवली, घासलेटात भिजत. उद्या लावीन.

"किती दिवसांचं काम उरलंय?" विचारत होते.

"दोन-तीन."

"घाई नको, सूनबाई."

१७ सप्टेंबर

बशीत एकच खिटी!

१९ सप्टेंबर

सगळं शोधलं. कट्टा, कुंड्या, केरसुणीचा केर. चुंबक फिरवला गवताच्या कडेनं – एक जुनी हेअरपिन मिळाली. साळुंक्या चमकत्या वस्तू नेतात म्हणे. पण ही काळी, घासलेटात बुडालेली. कुठली साळुंकी नेईल?

की मीच कुठं ठेवली? आईचं असंच सुरू झालं होतं, माझ्याच वयात. किल्ली फ्रिजमध्ये, चष्मा पिठाच्या डब्यात. आज रात्रीचं दूध तापवताना मी गॅसकडे नुसती बघत उभी राहिले, लावला की नाही, म्हणून. कुणाला सांगणार? आबासाहेबांनी विचारलं, "मिळाली?" मी म्हटलं, "मिळेल." त्यांनी मान फिरवली.

आता बशी खिडकीत ठेवायची नाही. व्हरांड्याच्या त्या टोकाला, चपलांच्या रॅकवर, वरच्या फळीवर, झाकण घालून. रोज तिथंच. म्हणजे विसरायला नको.

२१ सप्टेंबर, शनिवार

राजवर्धन आला. मशीनचे सुटे भाग बघून डोक्याला हात. "बकुळा, भंगारवाल्याला दे ना. बाबा चालवणार आहेत का आता?"

मी बोटानं खूण केली, हळू!

पण ऐकलंच त्यांनी. जेवताना मला म्हणाले – मुलाला नाही, मला – "झालं नीट तर चालवणार कोण?"

"मी."

"तुम्ही? तुमची रेघ सरळ यायची नाही."

"मग वाकडी येईल."

पोळीचा तुकडा ताटात परत ठेवला. "घाई नको," परत तेच. कसली घाई? दसरा तीन आठवड्यांवर आलाय. मला गवताची घाई नाही, तुमची आहे, असं तोंडावर आलं होतं. गिळलं.

२४ सप्टेंबर

लेथवाल्याकडून नवी खिटी करून आणली. उरलेली नमुन्याला दिली होती, परत आणून जागेवर ठेवली. नवी जाड झाली! खाचेत जात नाही. "घिस लो, भाभी." रोज कानशीनं थोडी थोडी घासते. दोनदा घासायची, घालून बघायची, पुन्हा दोनदा. हे काम मला आवडायला लागलंय. मन आपोआप बारीक होतं. आबासाहेब खिडकीतून सांगतात, "आवाज बदलला, आता थांबा." आवाजावरून कळतं त्यांना!

आधी मी त्यांच्या खोलीत जायचे ती गोळ्या घेऊन. गोळी, पाणी, बाहेर. आता दुपार दुपार बोलतो आम्ही, मध्ये गज.

२६ सप्टेंबर

भिंतीवर काळे डाग. त्यांच्या दारापासून व्हरांड्याच्या दारापर्यंत, मग बाहेरच्या भिंतीवर. ग्रीसची बोटं. माझीच! कुठंही हात टेकत फिरते, लक्षात राहत नाही. साबणानं पुसून काढले. चवड्यांवर उभं राहून.

२८ सप्टेंबर

पुन्हा डाग. पुसायचं सोडून दिलं.

२९ सप्टेंबर, रविवार

दुसरी खिटीही गेली. जुनी, मूळची. रॅकवर बशी आहे, झाकण नीट घातलेलं आहे, आत घासलेट आहे. खिटी नाही.

व्हरांड्यात बसून रडले. चाळीशी उलटलेली बाई लोखंडाच्या तुकड्यासाठी रडते! पण तुकड्यासाठी नाही ते. झाकण मी घातलं होतं, एवढं पक्कं आठवतंय. आणि ते जर खरं नसेल, तर बाकी काय काय खरं नाही?

आबासाहेबांनी हाक मारली. गेले नाही. पुन्हा मारली. गेले तर म्हणाले, "तुमचं डोकं शाबूत आहे, सूनबाई." एवढंच. मी काही सांगितलंच नव्हतं त्यांना. चेहऱ्यावर दिसत असेल.

राजवर्धन आज धारला परत जाताना म्हणाला, पुढच्या शनिवारी भंगारवाल्याला बोलावतो, तू सुटशील एकदाची.

१ ऑक्टोबर

गुंजन म्हणते, दादाजींच्या पोटऱ्या घट्ट झाल्यात. "मैं तो कुछ करा नी री! पता नी कैसे." आबासाहेब डोळे मिटून पडले होते. झोपेत कुणी एवढे ओठ घट्ट मिटतं?

३ ऑक्टोबर, घटस्थापना

घर आवरताना त्यांना खुर्चीत बसवून गादी उन्हात काढली. उशीखालून चष्म्याचं घर पडलं आणि उघडलं. चष्मा नव्हता. सुपारी, आणि दोन खिट्या.

पहिली समजली – बशी खिडकीत होती, गजांतून हात जातो. पण दुसरी रॅकवर होती! व्हरांड्याच्या त्या टोकाला. तिथं पलंगावरून हात जात नाही. तिथं चालतच जावं लागतं.

भिंतीपाशी जाऊन उभी राहिले. डाग माझ्या हातापेक्षा वीतभर वर आहेत.

सगळं होतं तसं चष्म्याच्या घरात घातलं, उशीखाली ठेवलं. राजवर्धनला फोन केला, भंगारवाला नको. नवी खिटी बशीत ठेवली आणि बशी रॅकच्याही पुढे नेली. पायऱ्यांवर नको, अजून नको. जाईच्या कुंडीवर ठेवली, कठडा धरून पोचता येईल अशी.

आज दुपारी मला फार गाढ झोप लागणार आहे.