सव्वादोन इंचांचा खिसा

२ मार्च, सोमवार

अखेर कोट आला शिवायला! वर्षभर नुसते फ्रॉक आणि तुटक्या चेना. आणला कोणी, तर महिन्यापूर्वी वरच्या खोलीत राहायला आलेल्या भाडेकरूने. गणिताचा मास्तर आहे, सध्या घरीच. बारा तारखेला एका शाळेत मुलाखत आहे. मापं घेताना पुतळ्यासारखा उभा होता. निघताना म्हणाला, "ताई, आत एक छोटा खिसा हवा. सव्वादोन इंच रुंद, तीन इंच खोल." मोजून आला होता! एवढ्याशा खिशात ठेवणार काय? विचारलं नाही.

३ मार्च, मंगळवार

सासूबाईंना खिसा खटकला. मी मशीनवर बसले की त्या समोर बसून पेपर वाचून दाखवतात. स्फोटाची बातमी असली की आवाज असा चढतो की माझा सुईत दोरा जात नाही. बाकीचं सगळं पुटपुटत.

"एवढ्यात पैसे मावत नाहीत, रुमाल मावत नाही. मग मावतं काय?"

"बटण," मी म्हटलं.

"कसलं बटण?" — झालं! माझी जीभ म्हणजे ना!

५ मार्च, गुरुवार

हसण्यावारी नेत होते. आता नाही. सासूबाईंनी पलंगाखालच्या रद्दीतून ऑक्टोबरचा पेपर हुडकून काढला. पहिलं पान. बाजारातल्या स्फोटानंतर पकडलेले तीन संशयित. मधला — वरचा भाडेकरूच! तीच जाड भुवई, तोच बाहेर आलेला कान.

त्या बाजारात माणसं गेली, ती खरीच गेली. आदल्याच दिवशी मी तिथून दोरे आणले होते. कापलेलं कापड टेबलावर पडलंय, हात लावावासा वाटत नाही. जिन्यात भेटला, "होईल ना वेळेवर?" मी सांगितलं, मशीन बिघडलंय. धडधडीत खोटं!

६ मार्च, शुक्रवार

सासूबाईंनी घरमालकांच्या कानावर घातलं. महिनाअखेर खोली रिकामी करायला सांगणार म्हणे. सासूबाई खूश. मी? माहीत नाही. गेल्या आठवड्यात माझं कापडाचं गाठोडं त्यानेच उचलून आणून दिलं होतं.

८ मार्च, रविवार

स्वतःचाच इतका राग आलाय की नीट लिहिता येत नाही.

बँकेतल्या बाईंच्या फ्रॉकची बाही बेतायला खिळ्यावरचा जुना कागदी नमुना काढला. मी नमुने रद्दीतल्या पेपरांचेच कापते. त्या बाहीवर, काखेजवळ, एका कॉलमात — 'तिघांची सुटका'. पुरावा नाही, चुकून पकडले होते. पान नऊ, गादीच्या जाहिरातीखाली. शेवटची ओळ माझ्याच कात्रीने उडवलेली!

टेप लावली. पकडल्याचा फोटो आठ इंच. रद्दी उपसून पाहिली, तोच फोटो ओळीने चार दिवस. सुटका दोन इंच रुंद, पावणेतीन इंच उंच. सव्वादोन बाय तीनच्या खिशात अलगद बसेल.

सासूबाईंनी बाही हातात घेऊन तीनदा वाचली. "मला कोणी सांगितलं कसं नाही गं?"

"आई, सगळ्यांना बातम्या तुम्हीच तर सांगता!"

नवव्या पानापर्यंत त्यांचा चहा संपलेला असतो, हे काही मी बोलले नाही. लगेच मशीनवर बसले.

१० मार्च, मंगळवार

कोट झाला. खांदा काय बसलाय! माझीच मला शाबासकी. त्याने पाकिटातून चिकटपट्ट्या लावलेलं कात्रण काढलं आणि खिशात सरकवलं.

"मुलाखतीत कोणाला तरी फोटो आठवतोच, ताई. मग हे दाखवतो. पण तोवर त्यांचं ठरलेलं असतं."

सासूबाई आतून आल्या. "दे इकडे." दारात उभ्या राहून वाचलं — स्फोटाच्या आवाजात! समोरच्या खिडक्या उघडल्या. मग माझी बाही काखोटीला मारून दूधवाला, औषधवाला, मालक. दवंडीच पिटली! मालक वर जाऊन त्याला म्हणाले, "तू राहा बाबा, पण आजींना आवर."

इतकं हसले, पोट दुखलं. मग थोडं रडूही आलं.

१२ मार्च, गुरुवार

तो मुलाखतीला गेला. आजच पेपरात पुन्हा स्फोट, लांबच्या शहरातला. पहिलं पान भरून फोटो. आजच का! सासूबाईंनी वाचलं, पण हळू. मग सरळ नववं पान काढलं.

१६ मार्च, सोमवार

वरचा आला होता. कात्रण सासूबाईंच्या हातात ठेवलं. मला म्हणाला, "ताई, खिशाला आतून धुता येईल असं अस्तर लावून द्याल? खडू ठेवायचेत."