आईची जागा

अमरावती
रविवार, २ फेब्रुवारी २०२५

प्रिय दादा,

प्रभूच्या नावात सलाम. तू बरा असशील, अशी आशा करते.

इतक्या वर्षांपूर्वी दवाखान्यात शेवटच्या दिवशी पाळकसाहेबांनी आईच्या ओठांना प्रभुभोजनाचा प्याला लावला होता. द्राक्षरस तिच्या हनुवटीवरून उशीवर ओघळला. तिनं तोंड मिटून घेतलं होतं, की तिला गिळताच आलं नव्हतं? गुरुवारपासून मी स्वतःला हेच विचारते आहे. तू तिच्या पायाशी उभा होतास, पण तुलाही ते कळलं असेल असं वाटत नाही.

फोन उचलत नाहीस म्हणून लिहिते आहे. अक्षर ओळखून लगेच फाडू नकोस.

इकडे ठीक आहे. शाळेत दहावीच्या सराव परीक्षा चालू आहेत, तपासायचे गठ्ठे घरभर पडलेत. मावशीनं मोर्शीहून संत्री पाठवली. तुझा वाटा वेगळा काढून ठेवला होता, त्याची सालं आता सुकायला लागली आहेत. उत्तमकाकांचा गुडघा पुन्हा धरला आहे, तरी चर्चमधल्या बाकांवर फडका तेच मारतात.

संत्र्यांबद्दल आणखी किती लिहू.

पप्पा बुधवारी गेले. तुझ्या दुकानापासून त्यांचं घर दोन गल्ल्यांवर, तेव्हा तुला माझ्याआधीच कळलं असेल. त्यांना आईच्या कबरीत ठेवू का, असं मी फोन करून विचारलं तेव्हा तू एवढंच म्हणालास, "मायच्या मातीत त्याले टाकशील, त तुहा भाऊ मेला समज. माह्या दारात पाय नको ठेवू."

दादा, गुरुवारी दुपारी आईची कबर उघडली. पप्पांना तिथेच ठेवलं.

अकोल्यात त्यांच्यासाठी जागा मिळाली नाही. आईला सोडून पुष्पाबाईंबरोबर लग्न न करता राहिले, म्हणून तिथल्या चर्चच्या मंडळीतून त्यांचं नाव कधीच कमी झालं होतं. इथे आता नवी कबर खोदायला जमीन उरलेली नाही, घरच्याच कबरीवर ठेवतात, तेही घरच्यांनी हो म्हटलं तर. गुरुवारी सकाळी पुष्पाबाईंचा फोन आला. "बाई, दोन जागी फिरवून आणलं त्यायले. आता कुठं नेऊ, तूच सांग." त्या ॲम्ब्युलन्समधून बोलत होत्या.

मी म्हटलं, आणा.

प्रार्थना करून ठरवलं असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. संडे स्कूलच्या मुलांना मी क्षमेवर रंगीत तक्ते करून शिकवते. त्या वेळी माझ्या मनात क्षमा नव्हती. किळस होती. पण बडनेऱ्याच्या पुढे आलेली गाडी परत कुठे पाठवायची, ते मला सुचलं नाही.

श्यामभाऊंनी कबर खोदली. आईची हाडं त्यांनी हळूहळू वर दिली आणि मी ती पांढऱ्या कापडात घेतली. तू आणलेली नायलॉनची साडी कुजलेली नव्हती. अबोली रंग ओळखू येत होता. तू इथे नव्हतास म्हणून मला बरं वाटलं, आणि तू इथे नव्हतास म्हणून मी रडले.

उत्तमकाका सोडले तर मंडळीतलं कोणी आलं नाही. पाळकसाहेब पुस्तक घेऊन पुढे चालले. पेटीला उत्तमकाका आणि ॲम्ब्युलन्सचे ड्रायव्हर मोहसीनभाई, एवढे दोघेच. तिसरा कोपरा मी धरला. चौथा रिकामा होता.

पुष्पाबाई फाटकाबाहेर उभ्या होत्या. मी बोलवायला गेले तर म्हणाल्या, "मी अंदर येत नाई. तुमच्या मायची जागा हाये ते."

मग त्यांनी न विचारता सांगितलं. आई आजारी असताना तू पप्पांना बोलवायला जठारपेठेत त्यांच्या घरी गेला होतास. दारात त्यांच्या चपला होत्या आणि ही बाई तुला म्हणाली होती, ते घरी नाहीत. "घरीच होते. पलंगावर बसून होते. त्यायनं सांगतलं तसं मी बोलली. तुह्या भावाचं तोंड अजून दिसते मले."

मी वाट पाहिली, की पुढे काही येईल. ते रडत होते, लाजत होते, असं काहीतरी. पण पुष्पाबाईंचं सांगून झालं होतं. म्हणजे तू इतकी वर्षं जे धरून बसला आहेस, ते अगदी तसंच घडलं होतं. तुझं काहीही चुकलेलं नाही.

'माफ केलं' हे शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत. मी म्हटलं, "बाई, त्या बाजूनं धरा." त्यांनी धरलं. पेटी जड होती.

आता जे सांगते ते तुझ्या बाजूचं आहे, तरी लपवणार नाही. पप्पा घर सोडून गेल्यापासून आईनं प्रभुभोजन कधीच घेतलं नाही. प्याल्यांचं तबक आलं की ती तसंच पुढे द्यायची. तुला वाटायचं तिला आंबट सोसत नाही, कारण तिनंच तुला तसं सांगितलं होतं. प्रभुभोजनाआधी भांडणं मिटवून यायचं असतं, म्हणून आदल्या शनिवारी ती ज्या शेजारणीशी भांडण झालं असेल तिच्या दारी स्वतः जायची, सगळ्यांशी मिटवायची, आणि रविवारी तरी घ्यायची नाही. मी एकदा विचारलं, "काहून नाई घेत?" म्हणाली, "एका माणसाले माफ करता येऊन नाई राहिलं. केलं म्हणून पेली, त देवाशी लबाडी होईन."

म्हणून तो शेवटचा प्याला मला छळतो. तिनं ओठ उघडले असते तर मला आधार मिळाला असता. तिनं ते मुद्दाम मिटले होते एवढं नक्की कळलं असतं तर कदाचित मी गाडी परत पाठवली असती. तिच्या वतीनं मी क्षमा केलेली नाही, तो अधिकार माझा नाही. माझीही अजून झालेली नाही. मेलेल्या माणसाला रस्त्यावर ठेवायचं नाही, एवढंच मला जमलं.

कबर उघडल्याबद्दल मी माफी मागत नाही. पण तू नाही म्हणालास आणि मी केलं. दहावीनंतर तू दुकानात लागलास म्हणून मी बी.ए. झाले. आईवर तुझा हक्क माझ्यापेक्षा कमी नव्हता. तुझा नकार बाजूला सारला, त्याची माफी मागते. आईसारखं शनिवारी दारी यायला हवं होतं. तू पाय ठेवू नको म्हणालास, आणि बंद दारात उभं राहणं कसं असतं ते तूच मला दवाखान्याच्या व्हरांड्यात सांगितलं होतंस. म्हणून आले नाही.

आज प्रभुभोजनाचा रविवार होता. मी आईच्या बाकावर बसले होते. पप्पांबद्दल माझ्या मनात जे आहे ते मी देवापुढे उघडं ठेवलं, त्यासाठी अडले नसते. पण माझ्यामुळे दुखावलेला भाऊ अकोल्यात आहे. तबक माझ्या हातात आलं. मी काहीच न घेता ते उत्तमकाकांकडे दिलं.

तुझी लहान बहीण,
सुवार्ता